बातुमीच्या पलीकडचं अजारा: काळ्या समुद्रापासून गोदेर्दझी खिंडीपर्यंत सहा मुक्कामांचा आराखडा

जॉर्जियाला जाणारी बहुतेक मराठी मंडळी त्बिलिसी आणि काझबेगी करून शेवटी एखादी रात्र बातुमीत काढतात. संध्याकाळी समुद्राकाठी फेरी, रोषणाईच्या मनोऱ्यांसमोर फोटो, सकाळी परत. टूरच्या कार्यक्रमात तेवढंच असतं, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा? पण बातुमी हे नुसतं दार आहे. आत अजारा नावाचा अख्खा प्रदेश आहे, साधारण २,९०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. एवढ्याशा जागेत खाली संत्र्यांच्या बागा आणि चहाचे जुने मळे, मध्ये चेस्टनट आणि बीच वृक्षांचं ओलंचिंब रान, आणि वर २,००० मीटरवर हिवाळ्यात माणसाच्या उंचीचा बर्फ. स्थानिक लोक प्रदेशाचं नाव ‘अचारा’च्या जवळपास उच्चारतात. नकाशावर ‘अजारा’ वाचलं की मला कोल्हापूरकडचं आजरा आठवतं. नावाचा काही संबंध नाही, पण डोंगर आणि पाऊस दोन्हीकडे आहेत.

खालचा आराखडा सहा मुक्कामांचा आहे: तीन बातुमीत, एक किनाऱ्यावरच्या लहान गावात, दोन डोंगरात. चारच दिवस हातात असतील तर बातुमीतला एक आणि किनाऱ्यावरचा एक कापा. डोंगरातले दोन मात्र कापू नका.

आधी महिना ठरवा, मग तिकीट

अजारात सगळं पावसावर ठरतं. बातुमीत वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून जवळच्या म्तिराला डोंगरावर ४,००० च्या वर. आंबोली-महाबळेश्वरवाल्यांना हे आकडे मोठे वाटणार नाहीत. फरक आहे तो पावसाच्या वेळापत्रकात. आपल्याकडे चार महिने कोसळून आठ महिने उघडीप असते. तिथे बाराही महिने पाऊस येतो, आणि त्याचा जोर सप्टेंबर ते डिसेंबर या काळात जास्त असतो. काळ्या समुद्रावरून येणारी दमट हवा किनाऱ्याला लागूनच उभ्या असलेल्या डोंगरांना धडकते आणि वर चढताना रिकामी होते. सह्याद्रीत जे होतं तेच. म्हणून किनाऱ्यावर धो-धो कोसळत असताना डोंगररांगेच्या पलीकडे, खुलो या डोंगरातल्या गावाच्या बाजूला, पाऊस बराच कमी असतो. ‘दिवाळीच्या सुट्टीत समुद्र करू’ हा आपला नेहमीचा हिशोब इथे फसतो.

माझं मत विचाराल तर मे महिन्याची अखेर ते जूनचा शेवट हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे हे किनाऱ्यावर सर्वांत कोरडे महिने, आणि जूनमध्ये पाणी पोहण्याजोगं होऊ लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र कोमट असतो, पण गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात. डोंगरातल्या कुरणांसाठी मात्र हेच दोन महिने उत्तम. बर्फात खेळायचं किंवा स्कीइंग शिकायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी.

पक्षी बघणाऱ्यांनी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा, पावसाची तयारी ठेवून. गरुड, ससाणे, घारी यांना हवेच्या उबदार झोतांवर तरंगत जायचं असतं आणि असे झोत समुद्रावर मिळत नाहीत. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला उंच डोंगर, त्यामुळे उत्तरेकडून निघालेले लाखो शिकारी पक्षी बातुमीच्या वरच्या चिंचोळ्या पट्टीतून वाट काढतात. २००८ पासून तिथे दरवर्षी पद्धतशीर मोजणी होते आणि एका हंगामात दहा लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले आहेत. साखालवाशो या गावाच्या टेकडीवर मोजणीची एक जागा आहे. सकाळी दुर्बीण घेऊन जाऊन बसायचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला मधाळ्या गरुडांचे थवे सर्वांत मोठे असतात.

कागदपत्रं आणि पोहोचणं

भारतीय पासपोर्टवर जॉर्जियाचा ई-व्हिसा काढता येतो. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन किंवा आखाती देशांचा चालू व्हिसा अथवा निवास परवाना असेल तर ठरावीक मुदतीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळ पुन्हा एकदा उघडून बघा. १ जानेवारी २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य विमा सक्तीचा झाला आहे. आणि हे मनावर घ्या: हॉटेलची आरक्षणं, परतीचं तिकीट, विमा आणि बँकेचा उतारा छापून हातातल्या पिशवीत ठेवा. व्हिसा असूनही विमानतळावरून परत पाठवलेल्या भारतीयांच्या कहाण्या खोट्या नाहीत. मोबाइलची बॅटरी ऐन रांगेत संपते, कागद संपत नाही.

त्बिलिसीहून बातुमीला दुमजली रेल्वे जाते, साधारण पाच तासांत. उन्हाळ्यात तिची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा आधीच ऑनलाइन काढा. बातुमीचं रेल्वे स्थानक जुन्या शहरात नाही, उत्तरेला माखिंजाउरीच्या बाजूला आहे. उतरल्यावर ॲपवरून बोल्ट टॅक्सी मागवा, घासाघीस टळते. स्वस्त विमानं कुताइसीला उतरतात, तिथून रस्त्याने बातुमी सुमारे १५० किलोमीटर. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे करा.

गावोगाव जाणारी मार्श्रुत्का म्हणजे आपलं वडाप. गाडी भरली की निघते, हात केला की थांबते, पैसे उतरताना रोख, लारी या जॉर्जियन चलनात द्यायचे. काचेवर गावाचं नाव जॉर्जियन लिपीत असतं, म्हणून जायच्या गावाचं नाव त्या लिपीत फोनवर उतरवून ठेवा आणि चालकाला दाखवा.

किनाऱ्यावर कुठे उतरायचं

एक गोष्ट आधीच सांगते, कारण आमच्या घरात यावरून रुसवे-फुगवे झाले. अजाराच्या किनाऱ्यावर वाळू नाही. गणपतीपुळे किंवा तारकर्लीची पुळण मनात धरून गेलात तर अनवाणी पायांना गोटेच लागतील. पाण्यात जायचे रबरी बूट भारतातूनच न्या. समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, त्यामुळे आपल्यासारखं ओढलं जाण्याचं भय वेगळ्या रूपात येतं: तळ चार पावलांत खोल होतो आणि लाटा असल्या की गोट्यांवरून वर येताना पाय घसरतो. लहान मुलांचा हात सोडू नका. पाणी महासागरापेक्षा साधारण निम्मंच खारट असल्याने डोळे मात्र चुरचुरत नाहीत. मुलांना वाळूच हवी असेल तर उत्तरेला शेजारच्या गुरिया प्रदेशात उरेकीची काळी, लोहकणांची वाळू आहे.

*बातुमी* गजबजलेलं आहे. संध्याकाळ आवडणाऱ्यांनी जुन्या शहरात राहावं, नव्या उंच इमारतींत नको. तिथल्या सदनिका स्वस्त मिळतात, पण एकाच इमारतीत शेकडो खोल्या आणि मोजक्या लिफ्ट. आम्ही पहिल्यांदा अशाच एका इमारतीत उतरलो, आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना रोज सकाळी लिफ्टसाठी ताटकळावं लागलं. जुन्या शहरात दुमजली घरं, लोखंडी नक्षीचे सज्जे, खाली बेकरी.

*कोबुलेती* उत्तरेला, अर्ध्या-पाऊण तासावर. लांबलचक किनारा, मागे पाइनची झाडं, जॉर्जियन कुटुंबांचं जुनं सुट्टीचं गाव. आजी-आजोबा आणि नातवंडं बरोबर असतील तर हेच घ्या. गावाला लागून इस्पानीची दलदल आहे. शेवाळाच्या जाड थरांवर पावसाचंच पाणी धरून राहिलेली ही विलक्षण जागा २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथे तासभर काढाच.

*त्सिखिसद्झिरी* आणि *म्त्स्वाने कोन्त्सखी* कोबुलेती आणि बातुमीच्या मध्ये. इथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्सिखिसद्झिरीला पेत्रा किल्ल्याचे अवशेष आहेत, सहाव्या शतकातले, सम्राट जस्टिनियनच्या काळचे. पर्शियन आणि बायझंटाइन सैन्यांनी तो एकमेकांकडून हिसकावून घेतला होता. दोघांनाच शांत राहायचं असेल तर किनाऱ्यावर याहून सुंदर जागा मला दिसली नाही.

*गोनियो, क्वारियाती, सार्पी* दक्षिणेला एकापाठोपाठ. क्वारियातीचं पाणी सर्वांत नितळ, स्कूबा डायव्हिंग शिकवणारेही इथेच भेटतात. गोनियोला रोमन काळातला अप्सारोसचा चौकोनी किल्ला आहे, तटबंदी आजही उभी. आत संत मथियासची समाधी असल्याची परंपरा आहे. सार्पी अगदी तुर्कस्तानच्या सीमेवर. १९२१ मध्ये सीमा आखली गेली तेव्हा हे लाझ लोकांचं गाव मधोमध तुटलं, आणि फाटक उघडलं ते १९८८ मध्ये. एकाच गावातले नातलग तेवढी वर्षं पलीकडचा धूर बघत राहिले असतील. फाळणी माहीत असलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

बातुमी: दोन दिवस पुरतात

पहिल्या दिवशी सकाळी बुलेवार्ड. समुद्राला समांतर हा बगीचा-रस्ता १८८१ मध्ये सुरू झाला आणि वाढत वाढत आता सुमारे सात किलोमीटरचा आहे. भाड्याची सायकल घ्या. १८७८ मध्ये ओटोमन सत्तेकडून बातुमी रशियाकडे आलं, १८८३ मध्ये बाकूहून रेल्वे आली, आणि कॅस्पियनचं तेल इथल्या बंदरातून जगभर जाऊ लागलं. १९०६ मध्ये बाकूपासूनची नळवाहिनीही पूर्ण झाली. जुन्या शहरातल्या श्रीमंती घरांमागे हा तेलाचा पैसा आहे. त्याच गल्ल्यांत १८६६ ची ओर्ता जामे मशीद, ग्रीकांचं सेंट निकोलस चर्च, १९०४ चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आणि मूळचं कॅथलिक, आता ऑर्थोडॉक्स असलेलं मोठं कॅथेड्रल आहे. सगळं पायी, आरामात, एका दुपारी होतं.

संध्याकाळी बंदराजवळ १३० मीटर उंचीचा वर्णमालेचा मनोरा बघा, जॉर्जियन लिपीची ३३ अक्षरं त्यावर गुंफली आहेत. शेजारीच तामारा क्वेसितादझे यांचं ‘अली आणि निनो’ हे हलतं शिल्प. पोलादी पट्ट्यांचे स्त्री आणि पुरुष हळूहळू जवळ येतात, एकमेकांतून आरपार जातात आणि दूर होतात. एक फेरी पूर्ण होईपर्यंत थांबा, अर्ध्यात फोटो काढून निघू नका.

दुसऱ्या दिवसाचं पहिलं काम मासळीबाजार. बाजारातून मासे आपण निवडायचे आणि शेजारच्या खानावळीत तळून घ्यायचे. बाराबुल्का म्हणजे तांबूस लहान मासा, आणि हंगामात हामसी, म्हणजे बारीक अँचोव्ही मासा. मीठ, पीठ, तेल एवढंच. कोकणी जिभेला मसाला आठवेल, पण मासा ताजा असतो. दुपारी अर्गो रोपवेने, सुमारे अडीच किलोमीटर, टेकडीवर जा. ढग असतील तर पैसे वाया घालवू नका.

वनस्पती उद्यान, चाक्वी आणि म्तिराला

तिसरा दिवस झाडांचा. शहराच्या उत्तरेला नऊ किलोमीटरवर, म्त्स्वाने कोन्त्सखीच्या उतारावर, आंद्रेई क्रास्नोव या वनस्पतिशास्त्रज्ञाने उभारलेलं उद्यान १९१२ मध्ये सुरू झालं. शंभराहून अधिक हेक्टर. जगाच्या नऊ भागांतली झाडं त्या त्या भागानुसार लावलेली आहेत, आणि त्यात हिमालयाचा एक विभाग आहे. काळ्या समुद्राच्या वाऱ्यात हिमालयाची झाडं उभी बघून भरून आलं, हे लपवत नाही. क्रास्नोव १९१४ मध्ये गेले, त्यांची समाधी उद्यानातच आहे. वरच्या फाटकातून शिरा आणि उतरत खाली या, उलट केलंत तर दमाल. तीन तास तरी द्या.

तिथून पुढे चाक्वी. १८९३ मध्ये लाउ जोन जाउ हे चिनी चहातज्ज्ञ इथे आले आणि त्यांनी चहाचे मळे उभे केले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या चहाला सुवर्णपदक मिळालं. सोव्हिएत काळानंतर बरेच मळे ओस पडले, आता काही कुटुंबं ते पुन्हा साफ करत आहेत. कुणी चहा पाजला तर बिनदुधाचाच असेल.

चाक्वीहून आत चाक्विस्तावी गावापर्यंत कच्चा रस्ता जातो, तिथे म्तिराला राष्ट्रीय उद्यानाचं पर्यटक केंद्र आहे. ‘म्तिराला’ म्हणजे रडणारा. धबधब्यापर्यंतची लहान पायवाट येऊन-जाऊन सुमारे सात किलोमीटर, सह्याद्रीत फिरलेल्यांना सोपी. पण रेनकोट आणि चांगल्या पकडीचे बूट हवेतच. हे कोल्खी रान, म्हणजे काळ्या समुद्राच्या या ओल्या पट्ट्यातलं जंगल, हिमयुगातून तगून राहिलेलं आहे. मे-जूनमध्ये जांभळ्या ऱ्होडोडेंड्रॉनने उतार भरतात.

आता खोऱ्यातून वर

चौथा मुक्काम किनाऱ्यावरच्या लहान गावात काढून पाचव्या दिवशी सकाळी आठच्या आत निघा. अचारिस्त्सकाली नदीच्या खोऱ्यातून केदा, शुआखेवी, खुलो अशी एकामागून एक गावं लागतात. खुलो बातुमीपासून साधारण ८० किलोमीटर, न थांबता अडीच तास धरा. थांबायचं मात्र आहेच.

तासाभरात माखुन्त्सेती. धबधबा रस्त्याजवळच आणि थोड्या अंतरावर मध्ययुगीन दगडी कमानीचा पूल. एकच कमान, कठडा नाही, खाली हिरवं पाणी. पावसात त्याच्यावर चढू नका. पुढे केदाला च्खावेरी नावाची फिकट गुलाबी वाइन करणारी घरं आहेत, आणि लिंडेनच्या ओंडक्यांत पाळलेल्या मधमाशांचा मध मिळतो, त्याला ‘जारा’ म्हणतात. मध घ्या, पण विमानाच्या चेक-इन सामानात घट्ट बांधून.

वरच्या अजारात मुस्लिम वस्ती बरीच आहे. बाहेरून साधी कोठारासारखी दिसणारी लाकडी मशीद आतून वेली, फुलं, झाडं अशा रंगीत कोरीवकामाने भरलेली असते. केदाजवळच्या आखो गावातली मशीद १८१८ ची. बूट काढा, डोकं झाका, आधी विचारा. कुलूप असेल तर शेजारच्या घरी चौकशी केली की बहुधा किल्ली घेऊन कुणीतरी येतं, आणि मग चहाही येतो.

खुलोला मुक्काम घरगुती ठिकाणीच करा. गाव लहान आहे, पण त्याची पाळणा-गाडी विसरता येत नाही. १९८५ ची ही रोपवे मध्ये एकही खांब नसताना १.७ किलोमीटरची दरी ओलांडून समोरच्या तागो गावाला जाते. पर्यटकांसाठी नव्हे, गावकऱ्यांसाठी बांधलेली. पिठाचं पोतं घेतलेली आजी आणि दप्तर घेतलेला मुलगा यांच्यामध्ये तुम्ही उभे राहता. तागोला उतरा, तासभर चाला, खाली दरी बघा, परत या. वेळ असेल तर तेराव्या शतकातलं स्खाल्ताचं चर्च जोडून घ्या.

बेशुमी आणि गोदेर्दझी

सहावा मुक्काम वर. गोदेर्दझी खिंड २,०२५ मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईहून जवळजवळ चारशे मीटर उंच. तिच्याजवळच बेशुमी: लाकडी घरं, सूचिपर्णी झाडांचं रान, थंड हवा. उन्हाळ्यात खालच्या गावांतली कुटुंबं गुरं घेऊन या कुरणांवर येतात आणि ऑगस्टमध्ये ‘शुआम्तोबा’ हा त्यांचा मोठा मेळा भरतो. घोड्यांच्या शर्यती, कुस्त्या, नाच. त्या शनिवार-रविवारी खोली मिळणं कठीण, महिनाभर आधी बघा.

खिंडीपाशी २०१५ मध्ये सुरू झालेलं स्कीइंगचं केंद्र आहे. समुद्राची ओल वर येऊन गोठते म्हणून बर्फ फार खोल पडतो. हिवाळ्यात केंद्रापर्यंतचा रस्ता साफ करतात, पण खिंडीपलीकडे अखाल्त्सिखेकडे जाणारा रस्ता बर्फाने बंद होतो, हे धरूनच परतीचा बेत करा. उन्हाळ्यात म्त्स्वाने त्बा, म्हणजे हिरवा तलाव, पायी गाठता येतो.

रस्त्याबद्दल: खुलोच्या वर तो बरीच वर्षं खराब होता. लहान गाडी स्वतः चालवत नेऊ नका. वाहतूक उजवीकडून, वळणं आंधळी, धुकं अचानक. खुलोतून स्थानिक चालकासह ४×४ ठरवा, भाडं निघण्याआधी पक्कं करा आणि थांबे कागदावर लिहून दाखवा. चालक ‘आज वर नको’ म्हणाला तर ऐका. आमचा चालक दुपारी दोनला गाडी वळवून मोकळा झाला, आम्ही हिरमुसलो, आणि चारला खिंडीवर गारा पडल्या.

पोटाचं

अजारुली खाचापुरी होडीच्या आकाराची, मध्ये वितळलेलं चीज, वर कच्चं अंडं आणि लोण्याचा गोळा. टोकाचा पाव तोडून त्यानेच आतलं ढवळायचं आणि खायचं. एकीत दोघांचं पोट भरतं. पण खरं अजारा डोंगरातल्या ताटात आहे. बोरानो म्हणजे उकळत्या लोण्यात वितळवलेलं चीज. सिनोरी म्हणजे पातळ पोळीच्या वळ्या कापून, सुरळीच्या वडीसारख्या रचून, वर घरचं चीज, लोणी आणि लसूण. माझ्या मते संपूर्ण जॉर्जियातला हा सर्वांत घरगुती पदार्थ.

शाकाहारींनी घाबरू नये. लोबियो हा राजम्याचा रस्सा, पखाली ही पालेभाजी अक्रोडाबरोबर वाटलेली, बद्रिजानी म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेली वांगी, अजाप्सांदाली ही वांगी-टोमॅटोची भाजी. एक शब्द पाठ करा: ‘सामार्ख्वो’. उपवासाचं, म्हणजे मांस, दूध, अंडं यांपैकी काहीच नसलेलं जेवण, जैन मित्रांनाही उपयोगी (कांदा-लसणाचं वेगळं सांगावं लागेल). ‘उखोर्त्सो’ म्हणजे मांसाशिवाय. डाळ-भाताची फारच आठवण झाली तर बातुमीत वैद्यकीय शिक्षण घेणारी बरीच भारतीय मुलं आहेत, त्यांच्यामुळे भारतीय जेवण मिळतं.

सातव्या दिवशी दोन वाटा. रस्ता उघडा असेल, गाडी उंच असेल आणि अंगात जोर असेल तर खिंड ओलांडून झार्झमाच्या मठावरून अखाल्त्सिखेला उतरा, तिथून वार्दझियाची गुहानगरी पुढे आहे आणि त्बिलिसीला वेगळ्या वाटेने पोहोचता येतं. नाहीतर खुलोहून सकाळची मार्श्रुत्का पकडा. ती भरली की निघते, म्हणून साडेसातलाच थांब्यावर उभे राहा, आणि नदी दिसावी म्हणून खिडकी आधीच धरा.